मजूर तीन, कामं बारा: अवघड बोर्डगेम शिकायचा कसा आणि व्हिडिओतून शिकवायचा कसा

नवा खेळ घरात आला. चौघं जमले, डबा उघडला, आणि एकाने नियमपुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतली. असं झालं की त्या संध्याकाळी खेळ होत नाही. विसाव्या मिनिटाला एक जण फोनमध्ये शिरतो, एक जण चहा टाकायला उठतो, आणि वाचणाऱ्यालाही तिसऱ्या पानावर काय होतं ते सातव्या पानावर आठवत नसतं. मग डबा कपाटावर जातो आणि दिवाळीच्या साफसफाईलाच खाली येतो.

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो आणि मराठीत बोर्डगेमचे व्हिडिओ करतो. काही खेळ शिकवणारे, काही परीक्षणाचे. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: "खेळ घेतलाय, पण कळत नाहीये. आता काय करू?" आयात केलेला खेळ काही हजारांना पडतो, त्यामुळे विचारणाऱ्याच्या आवाजात हळहळ असते आणि ती मला समजते. पुढचं सगळं त्या माणसासाठी लिहितोय. शिवाय ज्याला असे व्हिडिओ करायचे आहेत त्याच्यासाठीही, कारण दोघांची अडचण मुळात एकच आहे.

नियमपुस्तिका ही पंचांगासारखी वस्तू आहे. पंचांग कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. एकादशी कधी, मुहूर्त कुठला, एवढं बघायचं आणि मिटवून ठेवायचं. नियमपुस्तिकाही अडलं की उघडण्यासाठी रचलेली असते. आधी डब्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी, मग पटाची मांडणी, मग एकेका टप्प्याचे नियम, तेही अपवादांसकट. शोधायला ही रचना उत्तम. शिकायला मात्र जड जाते, कारण एखादी गोष्ट कशासाठी करायची हे कळण्याच्या आतच ती कशी करायची ते सांगून झालेलं असतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं होतं की माणसाला एका वेळी मनात धरता येणाऱ्या सुट्या गोष्टी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त. पुढच्या संशोधकांनी तो आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. यातला 'सुट्या' हा शब्द महत्त्वाचा. मेथीच्या शंभर काड्या सुट्या उचलायला गेलात तर निम्म्या खाली पडतील. जुडी बांधलेली असेल तर एका मुठीत येते. खेळ शिकवणं म्हणजे आधी जुडी बांधणं. चाळीस नियम एकामागून एक सांगणारा माणूस समोरच्याच्या हातात चाळीस काड्या देत असतो.

पत्ते आपण असे शिकलोच नव्हतो. मेंढीकोट असो नाहीतर बदाम सात, आजीच्या किंवा मावशीच्या शेजारी बसून, तिच्या हातातली पानं बघत, दोन डाव नुसते पाहून शिकलो. आणि अंगणातल्या खेळात लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. तो पळेल, लपेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. शिकवण्याची इतकी चांगली सोय आपल्याकडे आधीपासून आहे, ती मोठ्यांच्या टेबलावर आणायला काय हरकत आहे? आमच्याकडे कुठल्याही नव्या खेळाच्या पहिल्या फेरीला सगळेच कच्चे लिंबू असतात. पानं उघडी ठेवायची, चाल मागे घ्यायला परवानगी, गुण मोजायचे नाहीत.

अवघड म्हणजे नेमकं काय?

'अवघड' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि तिथे गल्लत होते. बुद्धिबळाचे नियम अर्ध्या तासात शिकवून होतात, पण खोली अशी की आपल्या नाशिकचा विदित गुजराथी ग्रँडमास्टर झाल्यावरही रोज अभ्यास करतोच. याच्या उलट, काही खेळांची पुस्तिका चाळीस पानांची असते, पण नियम अंगवळणी पडले की चाली बऱ्यापैकी सरळ असतात. पहिला प्रकार म्हणजे विचारांची खोली, दुसरा म्हणजे नियमांचा गुंता. बोर्डगेमगीक या २०००पासून चालणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाला १ ते ५ असं 'वजन' दिलेलं असतं. ते खेळणाऱ्यांच्या मतांची सरासरी असते आणि त्यात हे दोन्ही प्रकार एकत्र कालवलेले असतात. म्हणून फक्त वजन बघून खेळ घेऊ नका. परीक्षण करणाऱ्याने तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगायलाच हव्यात.

बहुतेक चांगल्या खेळांना एक कळ असते, जी दाबली की बाकीचं उलगडायला लागतं. १९९५ साली आलेल्या, क्लाउस टॉयबर यांच्या 'कटान'मध्ये ती कळ म्हणजे दोन फाशांची बेरीज. पटावरच्या जमिनींवर आकडे असतात, आणि बेरीज जेवढी येईल त्या आकड्याची जमीन शेजारच्या घराला माल देते. दोन फाशांची ३६ प्रकारची दानं पडतात. त्यात ७ येण्याचे प्रकार सहा, ६चे पाच आणि ८चे पाच, पण २चा फक्त एक आणि १२चा फक्त एक. ७ कुठल्याच जमिनीवर नसतो, म्हणून ६ आणि ८ हे आकडे लाल रंगात छापलेले असतात आणि प्रत्येक आकड्याखालचे ठिपके म्हणजे तो आकडा पडण्याचे प्रकार. हे एकदा सांगितलं की पहिलं घर कुठे बांधायचं हे शाळकरी पोरालाही कळतं. न सांगता विटा, लाकूड, लोकर, धान्य, खनिज यांचा हिशेब सुरू केलात, तर तो अर्धा तास जागेच्या निवडीत चाचपडत राहतो.

मामा, मामी आणि टस्कनीतला मळा

आता एक खेळ सविस्तर घेतो. मुद्दाम 'व्हिटिकल्चर' निवडलाय. जेमी स्टेगमायर आणि अ‍ॅलन स्टोन यांचा हा खेळ २०१३चा, आणि मी बोलतोय ते २०१५च्या 'इसेन्शियल' आवृत्तीबद्दल. इटलीतल्या टस्कनीत वारशाने मिळालेला छोटा द्राक्षमळा आणि त्यातून वाइनरी उभी करणं, हा विषय. दिंडोरी-निफाडच्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार!

माझे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्ष करतात. पोळ्यानंतरच्या एका रविवारी, ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू व्हायच्या आधी, ते आणि मामी आमच्याकडे आले होते. पत्ते आणि सारीपाट सोडून दोघांनी काही खेळलेलं नव्हतं. मी पट मांडला आणि ठरवलं की पुस्तिकेला हात लावायचा नाही.

पहिलं वाक्य शेवटाबद्दलचं: "मामा, ज्या वर्षी कुणाचे तरी २० गुण होतील ते वर्ष पुरं करायचं आणि खेळ संपला. तेव्हा ज्याचे गुण जास्त, तो जिंकला." त्यानंतर शेवटाकडून उलटं चालत आलो. गुण मुख्यतः वाइनच्या ऑर्डरी पुऱ्या करून मिळतात. ऑर्डरीला वाइन लागते. वाइनला तोडलेली द्राक्षं लागतात. द्राक्षांसाठी वेल लावलेला हवा. वेलीसाठी तिचं कार्ड हवं, आणि भारी वेल असेल तर मांडव, पाणी किंवा दोन्ही. पाच-सहा वाक्यांत सगळा धंदा एका जुडीत आला. अजून कुठला तुकडा कुठे ठेवायचा हे मी सांगितलंही नव्हतं.

मग वर्षाचा आकार. वसंतात कोण किती लवकर उठणार ते ठरतं. लवकर उठणाऱ्याची पाळी वर्षभर आधी येते, उशिरा उठणाऱ्याला काहीतरी भेट मिळते आणि सगळ्यात शेवटी उठणाऱ्याला त्या वर्षापुरता एक जादा मजूर. ("उशिरा उठणाऱ्याला बक्षीस? आमच्याकडे नाही बाबा चालायचं," इति मामा.) उन्हाळ्यात सहा प्रकारची कामं: वेलीचं कार्ड घेणं, लागवड, बांधकाम, पर्यटकांना मळा दाखवून पैसे मिळवणं वगैरे. शरदात एक पाहुणा येतो, म्हणजे एक कार्ड मिळतं. हिवाळ्यात आणखी सहा कामं: ऑर्डर घेणं, काढणी, वाइन करणं, ऑर्डर पुरी करणं, नवा मजूर तयार करणं आणि हिवाळी पाहुण्याचं कार्ड खेळणं. वर्षअखेरीला द्राक्षं आणि वाइन एकेका पायरीने जुनी होतात, म्हणजे त्यांचं मोल वाढतं, आणि मजूर घरी परत येतात.

आणि आता खेळाची कळ. सुरुवातीला तुमच्याकडे मजूर तीनच. दोन साधे आणि एक मोठा. उन्हाळ्यात लावलेला मजूर हिवाळ्यात परत मिळत नाही, तो थेट वर्षअखेरीला मोकळा होतो. म्हणजे तीन मजुरांत दोन्ही हंगाम भागवायचे. शिवाय प्रत्येक कामावर जागा मोजक्या. दुसऱ्याने आधी माणूस लावला की ती जागा गेली. मोठा मजूर तेवढा भरलेल्या कामावरही घुसवता येतो. त्याला आम्ही त्या दिवसापासून 'मुकादम' म्हणतो.

या जातीच्या खेळांना इंग्रजीत 'वर्कर प्लेसमेंट' म्हणतात आणि मी पूर्वीच्या व्हिडिओंत तो शब्द समजावण्यात पाच-पाच मिनिटं घालवत असे. मामांना मी "मजूर लावायचे" एवढंच म्हणालो. ते लगेच म्हणाले, "म्हणजे छाटणीलाच सगळी माणसं संपवली तर डिपिंगला कोण येणार, असंच ना?" (डिपिंग म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवण्याचं काम.) अगदी असंच. ज्या एका गोष्टीवर हा सगळा खेळ उभा आहे, ती त्यांनी एका वाक्यात मला परत सांगितली.

मामींनी तर त्याच्या पुढची गोष्ट दाखवली. कार्डावर मांडवाचं चिन्ह होतं. मी सांगायला तोंड उघडलं की हा वेल लावायला आधी मांडव बांधावा लागतो, तोवर त्या म्हणाल्या, "मांडवाशिवाय वेल चढणार कशावर?" शहरातल्या मित्रांना हाच नियम तीन-तीन वेळा आठवण करून द्यावा लागला होता. मामींना तो लक्षात ठेवावाच लागला नाही. खेळाचा विषय हा नुसता रंग नसतो, तो नियम अडकवायची खुंटी असतो. शिकवताना नियम सांगायच्या आधी ही खुंटी शोधायची.

पण जिथे विषय आणि नियम वेगळे होतात, तिथे तेवढंच स्पष्ट सांगायला लागतं. खेळात उन्हाळ्यात लावलेल्या वेलीची काढणी त्याच हिवाळ्यात करता येते. मामा हे ऐकून थांबलेच. "लावल्या वर्षी माल? अरे, बाग लावल्यावर पहिलं पीक घ्यायला दीड-दोन वर्षं जातात." त्यांचं बरोबरच आहे, आणि म्हणूनच हा नियम जाणकार माणसाच्याच हातून चुकतो. उलट काढणी हिवाळ्यात का, असा प्रश्न त्यांना पडला नाही. इटलीत द्राक्षं शरदात तोडतात, पण आपल्याकडे ऑक्टोबरला छाटणी आणि जानेवारीपासून माल, त्यामुळे खेळाचं कॅलेंडर नाशिकला जास्त जुळतं.

राहिले अपवाद. द्राक्षं आणि वाइन म्हणजे काचेची टोकनं, आणि त्यांचं मोल म्हणजे ती ज्या आकड्यावर ठेवली तो आकडा. एकेका आकड्याला एकच जागा, त्यामुळे ती भरलेली असेल तर टोकन खालच्या पहिल्या रिकाम्या जागेवर जातं. लहान तळघरात ३पेक्षा जास्त मोलाची वाइन ठेवता येत नाही. ब्लश, म्हणजे गुलाबी, वाइनला एक लाल आणि एक पांढरं द्राक्ष आणि मध्यम तळघर लागतं, तर स्पार्कलिंगला, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनला, दोन लाल, एक पांढरं आणि मोठं तळघर. हे सगळं कधी सांगायचं? माझा एक ठोकताळा आहे. जो नियम माहीत नसल्यामुळे कुणाचं असं नुकसान होईल की ते भरून निघणार नाही, तो आधी सांगायचा. बाकीचे वेळ आली की. तळघर बांधायला पैसे आणि मजूर लागतात, त्यामुळे ते मी पहिल्याच वर्षी सांगितलं. टोकन खाली सरकण्याचं, पहिल्यांदा जागा अडली तेव्हा सांगितलं.

पहिलं वर्ष कच्चा लिंबू म्हणून खेळून झाल्यावर विचारलं, पुन्हा पहिल्यापासून मांडू का? मामा म्हणाले, "नको, चालू दे, बाग आता लागलीये." त्या दिवशी मामी जिंकल्या.

स्वतः शिकताना

शिकवायच्या आधी स्वतः शिकायला लागतं आणि त्याला पर्याय नाही. मी पुस्तिका तीनदा वाचतो, पण तिन्ही वेळा वेगळ्या कारणासाठी. पहिल्यांदा फक्त तीन गोष्टी: जिंकतो कोण, संपतं कधी, आणि एका पाळीत करायचं काय. हे दहा मिनिटांत होतं. मग लगेच पट मांडतो आणि एकटाच दोन भिडूंच्या जागी बसून दोन-तीन फेऱ्या खेळतो, चुकतमाकत. डाव्या बाजूचा भिडू साधा-सरळ खेळतो, उजव्या बाजूचा मुद्दाम विचित्र चाली करतो. विचित्र चाल केली की नियमांतल्या फटी दिसतात. पैसे संपले तर? पानं संपली तर? दोघांना समान गुण पडले तर? हे प्रश्न कागदावर लिहून मग पुस्तिका दुसऱ्यांदा वाचायची. आता तीच पानं वेगळी दिसतात, कारण डोक्यात शंका तयार असतात. तिसरं वाचन एका प्रत्यक्ष डावानंतर, पेन्सिल घेऊन. दर वेळी निदान एक चूक सापडतेच. प्रकाशक बऱ्याचदा आपल्या संकेतस्थळावर खुलासे टाकतात, तेही तेव्हाच बघून घ्यावेत.

या वाचनात इंग्रजीतले दोन छोटे शब्द जपायचे, 'मे' आणि 'मस्ट'. एकात मुभा आहे, दुसऱ्यात सक्ती. मराठीत "कार्ड घ्यावं" म्हटलं तर यातलं नेमकं काय ते कळत नाही. म्हणून मी "घेता येईल" आणि "घ्यावंच लागेल" असं फोडून बोलतो. दुसरा घोटाळा 'टाकणे'चा. पत्त्यांत "पान टाक" म्हणजे खेळ, आणि बोर्डगेममध्ये नको असलेलं कार्डही आपण टाकूनच देतो. एका व्हिडिओखाली तिघांनी हा एकच प्रश्न विचारला तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून कार्ड 'खेळायचं' किंवा 'बाद करायचं'. टोकन, कार्ड, बोर्ड हे शब्द मी आहेत तसे ठेवतो, कारण खेळणारे तेच बोलतात. पण जिथे चपखल मराठी शब्द जिवंत आहे, मजूर, मुकादम, मांडव, दान, भिडू, तिथे तोच वापरतो.

कॅमेऱ्यासमोर

शिकवणारा व्हिडिओ, प्रत्यक्ष डावाचा व्हिडिओ आणि परीक्षण, या तीन गोष्टी आहेत आणि त्यांची खिचडी करू नये. शिकवणारा व्हिडिओ बघणाऱ्याने खेळ आधीच घेतलेला असतो. त्याला तुमचं मत नकोय, त्याला आज रात्री डाव मांडायचाय. कॅनडातल्या रॉडनी स्मिथ यांचं 'वॉच इट प्लेड' हे चॅनेल यासाठी जरूर बघावं. किती सावकाश, किती नेमकं, आणि बोललेली प्रत्येक गोष्ट हाताने दाखवून! परीक्षण बघणाऱ्याने खेळ घेतलेला नसतो. त्याला सगळे नियम नकोत. आपल्या घरात हा रमेल का, एवढं त्याला ठरवायचंय. अमेरिकेतल्या टॉम व्हेसल यांच्या 'डाइस टॉवर'वर त्या बाजूची शेकडो उदाहरणं सापडतील.

'व्हिटिकल्चर'च्याच माझ्या पहिल्या व्हिडिओत मी मोठी चूक केली होती. हिवाळा सुरू होताना मजूर परत मिळतात, असं मी सांगितलं. म्हणजे खेळाची कळच मोडली. कुणीही काहीही करू शकतंय आणि चढाओढ कसलीच नाही, असा फिका डाव त्यातून होतो. नाशिक रोडच्या एका बाईंनी कळवलं की त्यांच्या घरी खेळ "ठीकठाक" वाटला आणि त्यांनी तो देऊनही टाकला. ते वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांच्या पैशाचं आणि एका संध्याकाळचं नुकसान माझ्या एका वाक्यामुळे झालं होतं. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा ठेवता येत नाही. मी तो काढला, नवा केला आणि पहिल्या मिनिटातच आधीची चूक काय होती ते सांगितलं. आता प्रत्येक शिकवणीचा व्हिडिओ काढायच्या आधी पुस्तिका शेजारी उघडून, लिहिलेल्या मजकुराची ओळ अन् ओळ ताडून बघतो. छोटी चूक राहिलीच तर वर्णनात आणि सगळ्यात वर चिकटवलेल्या प्रतिक्रियेत लिहायची, कुणी दाखवून द्यायची वाट न बघता.

परीक्षणात मी तीन गोष्टी सुरुवातीलाच सांगतो: किती डाव खेळलो, किती जणांत, आणि खेळ विकत घेतला की फुकट आला. पहिल्या डावावरून मत देणं मला पटत नाही. पहिला डाव नियमांशी झटण्यात जातो, त्यात खेळ दिसतच नाही. माणसांची संख्या तर सगळंच बदलते. सहा जणांत 'व्हिटिकल्चर' खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, दोघांत तोच खेळ झपाझप चालतो. फुकट आलेल्या खेळाबद्दल तर मर्जीचा प्रश्नच नाही. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे 'आस्की'ची, २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं आणि ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३मधल्या सूचना, दोन्हीकडे भेट मिळालेल्या वस्तूचा स्पष्ट उल्लेख सांगितलेला आहे. तो व्हिडिओत बोलून आणि दिसेल असं लिहून करावा.

आणि मत असं द्यावं की ऐकणाऱ्याला आपलं घर त्यात दिसेल. उवे रोझेनबर्ग यांचा २००७चा 'अ‍ॅग्रिकोला' घ्या. "अवघड पण मजेदार" म्हणून काय कळणार? त्यापेक्षा असं सांगितलं तर: या खेळात १४ फेऱ्या आहेत आणि सहा सुगी. प्रत्येक सुगीला घरातल्या प्रत्येक माणसाला दोन घास अन्न द्यावं लागतं. कमी पडलं तर दर घासामागे भिकेचं एक कार्ड आणि उणे तीन गुण. शेवटी रिकामी पडलेली जमीनही उणे गुण देते. म्हणजे सगळा वेळ पोटाची धास्ती. ज्याला शेतीची ही ओढाताण भिडते तो यात बुडून जाईल, आणि ज्याला कामावरून थकून आल्यावर हलकं व्हायचंय त्याला हा खेळ देऊ नका. तसंच मॅट लीकॉक यांचा 'पॅन्डेमिक', २००८चा. सगळे मिळून साथीच्या रोगांशी लढतात, सगळे जिंकतात नाहीतर सगळे हरतात. पण घरात एक जण सगळ्यांचे निर्णय घेणारा असेल तर तोच चौघांच्या चाली खेळतो आणि बाकीचे नुसते सोंगट्या सरकवतात. प्रत्येकाला आपलं घर माहीत असतं, ऐकल्यावर तो स्वतःच ठरवतो.

चित्रीकरणाला महागडं काही लागत नाही. टेबलावर सरळ वरून रोखलेला एक फोन आणि शर्टाला लावायचा साधा माइक पुरतो. पण तीन गोष्टी मला उशिरा कळल्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला दिसत नाही, व्हिडिओत मात्र पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की ते जातात. दुसरं, फोकस आणि उजेड लॉक करायचा, नाहीतर हात चौकटीत आला की चित्र दर वेळी गडद-फिकं होतं. तिसरं, दिवा डोक्यावर नको, बाजूने तिरपा हवा, आणि त्याच्यापुढे बटर पेपर, म्हणजे कार्डांवर चमक येत नाही.

पंखा ही खास आपली अडचण. लावला तर कार्डं उडतात आणि माइकमध्ये घरघर, बंद केला तर मे महिन्यात बसवत नाही. म्हणून मी मोठे व्हिडिओ डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा बातमीत यायला लागतो तेव्हा, पहाटे साडेपाचला काढतो. रस्ता शांत, पंखा नको, खिडक्या बंद. भिंतींवरून आवाज घुमू नये म्हणून कॅमेऱ्यामागे दोन गाद्या उभ्या करतो.

व्हिडिओ तयार झाला की लगेच चढवत नाही. हा खेळ कधीच न खेळलेल्या माणसासमोर तो आणि बंद डबा ठेवतो आणि स्वतः एक अक्षर न बोलता बाजूला बसतो. तो व्हिडिओ जिथे जिथे थांबवतो किंवा मागे नेतो, ती वेळ वहीत लिहायची. 'व्हिटिकल्चर'च्या नव्या व्हिडिओची ही परीक्षा आमच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीने घेतली. पट मांडून झाला, पहिलं वर्ष झालं, मान वर न करता तिने वेल लावले. मग अकराव्या मिनिटाला व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा थांबवला, आणि हातातलं काचेचं टोकन ३च्या जागेवर धरून तशीच बसली. तिथे आधीच एक टोकन होतं. "भरलेली असेल तर खाली सरकतं," एवढं मी नुसतं बोलून गेलो होतो आणि पडद्यावर त्या वेळी माझा चेहरा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गाद्या परत उभ्या केल्या, फोन वरून रोखला, आणि तेवढाच तुकडा पुन्हा काढला: ३ भरलेलं, बोट २वर, टोकन २वर.